चार नंबरचं रोप

मापेसाहेब हे नाव त्यांना इमारतीनं दिलं होतं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू, लिटरची मापं, कापड मोजायच्या पट्ट्या तपासायच्या, बरोबर निघालं तर शिक्का मारायचा आणि नाही निघालं तर जप्त करायचं, हे काम ते एकोणतीस वर्षं करत आले होते. या एकोणतीस वर्षांत त्यांच्या नोंदवहीत एकही खाडाखोड नव्हती. हे ते आपणहून कुणाला सांगत नसत. कुणी विचारलं तरच सांगत, आणि कुणीतरी विचारेल अशी तजवीज करत.

तर अशा माणसाच्या हातात त्यांच्या सासूबाईंनी एक जुनं पाकीट ठेवलं आणि तिथून सगळं रामायण सुरू झालं.

सासूबाईंचं बागेचं घर विकलं गेलं होतं. गुडघे गेले होते, घर एकटीनं सांभाळवत नव्हतं, आणि त्या थोरल्या मुलाकडे सातव्या मजल्यावर राहायला निघाल्या होत्या. सामान बांधून झालं, तेव्हा त्यांनी कपाटातून ते पाकीट काढलं. आत टोमॅटिलोचं बी होतं. टोमॅटिलो म्हणजे टोमॅटोचं जरा आडमुठं भावंड. फळ लिंबाएवढं, हिरवंच राहणारं, त्याच्यावर कागदासारखं पातळ आवरण. ते सोललं की आतलं फळ हाताला चिकट लागतं आणि जिभेला आंबट. बाजारात कधी दिसत नाही. सासूबाईंना हे बी त्यांच्या आईकडून मिळालेलं. दर वर्षी लावायचं, फळं भाजून त्यांचा हिरवा सॉस करायचा, बरण्या भरायच्या आणि पुढच्या वर्षासाठी बी राखून ठेवायचं, असं बेचाळीस वर्षं चाललं. गेली दोन वर्षं गुडघ्यांनी लावू दिलं नाही. पाकिटात होतं ते शेवटचं.

"आई, माझ्याकडे दे," थोरले मेव्हणे म्हणाले. "माझ्याकडे माळी येतो."

"तुझ्याकडे दिलेला माझा चष्मा अजून सापडायचाय," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाकीट जावयापुढे धरलं. "जावईबापू काही हरवत नाहीत. थंडी पडायच्या आत मी येईन तुमच्याकडे. मला एक बरणी सॉस आणि मूठभर बी पाहिजे. दुसरं काही नको."

"मोजून लावा हं जावईबापू," मेव्हणे म्हणाले. सगळे हसले. मापेसाहेब हसले नाहीत. त्यांनी पाकिटावर तारीख घातली.

परतताना बसमध्ये बायको बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "अहो, आईनं आजवर आपल्याकडे काही मागितलं नव्हतं."

"फळं येतील," मापेसाहेब म्हणाले. त्यांचा शब्द म्हणजे शिक्का. पण जावईबापू काही हरवत नाहीत, हे वाक्य त्यांना इतकं गोड लागलं होतं की पुढचे आठ दिवस दाढी करताना ते आरशात स्वतःकडे जरा आदरानं बघत होते.

बिया एकोणीस निघाल्या. त्यांच्यासाठी नवी नोंदवही आली. बी जुनं, त्यामुळे उगवली फक्त सात. सातही रोपांना क्रमांक मिळाले, आणि दर रविवारी सकाळी आठ वाजता त्यांची तपासणी सुरू झाली. उंची पोलादी पट्टीनं, खोडाची जाडी खात्यातल्यासारख्या व्हर्नियरनं, पानं मोजून. शेवटचा रकाना शेऱ्याचा. पाचव्या रविवारी दोन नंबरचं रोप सगळ्या रकान्यांत पहिलं आलं, आणि मापेसाहेबांनी निकाल लावला. मागचं अंगण अडीच मीटर बाय पावणेदोन मीटर. तिथं सात रोपं दाटीवाटीनं उभी करून सातांची उपासमार करण्यापेक्षा उत्तम ते एक ठेवायचं आणि सगळं खतपाणी त्याला द्यायचं. खोटी मापं बाजारात राहू देत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. बाकीच्या सहांच्या कुंडीत त्यांनी एकेक काडी खोचली आणि काडीला चिठ्ठी लावली. चार नंबरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'वाकडं. पानं विषम. नापास.'

"आई तर सगळीच लावायची," बायको म्हणाली.

"आईंना जागा होती."

"निदान एखादं ठेवा की सोबतीला."

"सोबत कशाला? ते काय प्रवासाला निघालंय?" मापेसाहेब म्हणाले. "ही सहा खताच्या डब्यात टाक."

"बरं," बायको म्हणाली आणि ट्रे घेऊन आत गेली.

बायको बरं म्हणाली की नवऱ्यांना वाटतं विषय संपला. लग्नाला पंचवीस-तीस वर्षं झाली तरी वाटतं. याला काय म्हणावं ते आपलं आपण ठरवावं.

दोन नंबरनं मात्र निकालाचं सोनं केलं. दीड महिन्यात ते मापेसाहेबांच्या खांद्याला लागलं. खोड अंगठ्याएवढं, पानं तळहाताएवढी. अशा गुणी झाडाला किडामुंगीचा, पाखरांचा उपद्रव नको म्हणून मापेसाहेबांनी चार बांबू रोवले आणि त्याच्यावर डबल बेडची मच्छरदाणी चढवली. कडा विटांनी दाबल्या. एक माशी आत शिरेल तर शपथ. मग फुलं आली. पिवळी, टपोरी, आत चॉकलेटी ठिपके. मापेसाहेबांनी मेव्हण्यांना फोन करून आकडा कळवला. त्रेपन्न फुलं.

चौथ्या दिवशी त्रेपन्न फुलं खाली पडलेली होती. फळ एकही नाही. पुढच्या आठवड्यात ऐंशी आली, ऐंशी गळली. मापेसाहेब गळालेली फुलं चिमट्यानं उचलून मोजत आणि नोंदवत. हिशेब अगदी चोख जुळत होता, फक्त फळ नव्हतं. "आईंजवळ आत्ता काही बोलू नकोस," त्यांनी बायकोला बजावलं. "फळ धरलं की मीच सांगेन." सासूबाईंचा दर रविवारी फोन येई. बायको झाडाच्या उंचीबद्दल बोले आणि पुढं काही विचारलं तर गॅसवर दूध आहे म्हणे. तीन आठवड्यांत त्या घरात एवढं दूध तापलं की सासूबाईंना मुलीच्या तब्येतीची काळजी वाटू लागली.

एव्हाना बातमी इमारतीत फुटली होती आणि सल्ल्यांना पूर आला होता. ज्यांच्या घरात तुळतुळीत प्लास्टिकच्या फुलांपलीकडे काही उगवलं नव्हतं, तेही कंबरेवर हात ठेवून मच्छरदाणीपुढं उभे राहू लागले. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, झाड माजलंय, त्याला झाडूनं दोन फटके द्या, धाकानं फळ धरतं. लाँड्रीवाला म्हणाला, मुळाशी गंजके खिळे पुरा. बायकोची मैत्रीण म्हणाली, झाडाशी बोलावं लागतं हो, मायेनं. मापेसाहेबांनी आधी खिळे पुरले, वजन करून, अडीचशे ग्रॅम. मग फटके दिले. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते झाडाशी बोलायलाही गेले, पण झाडाशी मायेनं काय बोलायचं ते सुचेना, म्हणून त्यांनी त्याला खात्याच्या नियमावलीतला मुदतवाढीचा नियम समजावून सांगितला.

कोपऱ्यावरच्या शिंप्याचा सल्ला जरा शास्त्रीय होता. फुलांना थरथर लागते म्हणे. बॅटरीवरचा दात घासायचा ब्रश फुलाच्या देठाला लावायचा. मापेसाहेब सकाळी सात वाजता मच्छरदाणीत शिरले. बनियनवर, उकिडवे, हातात घूं घूं करणारा ब्रश. नेमके त्याच वेळी त्यांचे वरिष्ठ, खुद्द उपनियंत्रक, फाटकातून आत आले. कुठल्याशा फाइलीवर तातडीनं सही हवी होती. त्यांनी मच्छरदाणीतून आपल्या सर्वांत काटेकोर निरीक्षकाला झाडाचे दात घासताना पाहिलं.

"साहेब, हे म्हणजे..." मापेसाहेब उठले आणि जाळी डोक्यात अडकली.

"असू द्या, असू द्या," उपनियंत्रक मऊ आवाजात म्हणाले. "सही सावकाश केली तरी चालेल." त्या दिवशी ऑफिसात तीन जणांनी मापेसाहेबांना तुम्ही रजा कधी घेतली होती हो शेवटची, असं विचारलं.

माणूस खचला असता. मापेसाहेब खचले नाहीत. खाजगी सल्ले संपले म्हणजे सरकारी सल्ला घ्यायचा, हा सरळ मार्ग होता. त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली आणि शेती सल्ला केंद्राची खिडकी गाठली.

"पीक कोणतं?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"टोमॅटिलो."

कारकुनानं यादी पाहिली. "टोमॅटो आहे, वांगी आहे, मिरची आहे. टोमॅटो लिहू?"

"टोमॅटो लिहिलंत तर चुकीची नोंद होईल."

"मग इतर. तक्रार?"

"फळ धरत नाही."

"फळाचा नमुना आणलाय?"

मापेसाहेबांनी खिडकीत जरा वाकून पाहिलं, माणूस थट्टा करतोय की काय. करत नव्हता. "फळच येत नाही म्हणून तर आलोय मी."

"बरोबर आहे. पण नमुना तपासल्याशिवाय कारण कळणार कसं? एक फळ घेऊन या."

"एक फळ आलं असतं तर मी आलो असतो का?"

"ते तुम्ही ठरवा," कारकून म्हणाला आणि त्यानं अर्जावर 'नमुना अप्राप्त' असा शिक्का उमटवला. सरळ, ठसठशीत, चौकटीत बरोबर बसलेला. मापेसाहेबांना धड रागवताही येईना. असाच शिक्का मारून त्यांनी स्वतः कित्येकांना परत पाठवलं होतं, आणि त्या लोकांचे चेहरे त्यांना आज पहिल्यांदा आठवले.

बाहेर केंद्राचा माळी वाफ्याला पाणी देत होता. मापेसाहेबांच्या हातातला अर्ज बघून त्यानं विचारलं, "काय, नमुना मागितला का?"

मापेसाहेबांनी सगळं सांगितलं. खिळे सांगितले, झाडू सांगितला. टूथब्रश वगळला.

"झाडं किती लावलीत?"

"एक."

माळ्यानं नळ बंद केला. "एकच?"

"सर्वांत चांगलं होतं ते."

"अहो साहेब, कितीही चांगलं असू द्या. टोमॅटिलोचं फूल आपल्याच झाडाच्या परागावर धरत नाही. दुसरं झाड लागतंच. निदान दोन तरी लावायची. आणि मधमाश्या येतात ना भरपूर?"

"एकही नाही," मापेसाहेब म्हणाले. "कडक बंदोबस्त ठेवलाय."

माळ्यानं खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं, पण पंच्याआड तो हसत होता हे मापेसाहेबांना कळलं.

घरी येऊन ते मागच्या पायरीवर बसले. बायको चहा घेऊन आली. त्यांनी कपाला हात लावला नाही. "मी आईंचं बी संपवलं गं," ते म्हणाले. "बेचाळीस वर्षं त्या बाईनं सांभाळलं. माझ्याकडे दिलं, का तर मी हरवत नाही. आणि मी सहा रोपं स्वतःच्या हातानं टाकली. नापास करून टाकली." त्यांना खरोखर फार वाईट वाटत होतं, आणि अशा वेळी काय करायचं असतं ते त्यांच्या कुठल्याच नियमावलीत नव्हतं.

बायकोनं कप त्यांच्या हातात दिला. "सगळी नाही टाकली. पाच टाकली."

"म्हणजे?"

"चार नंबर आहे."

"कुठे?"

बायकोनं वर पाहिलं. मापेसाहेबांनीही वर पाहिलं. वर ऑपरेटरबाईंची गॅलरी होती.

आता इथं थांबून ऑपरेटरबाईंबद्दल सांगणं भाग आहे. ही बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, पहिल्या मजल्यावर एकटी राहणारी. तिच्या गॅलरीत तेवीस कुंड्या होत्या आणि त्यांचं पाणी थेट मापेसाहेबांच्या अंगणात ठिबकत असे. मापेसाहेबांनी याबद्दल तीन लेखी तक्रारी केल्या होत्या. तिसऱ्या तक्रारीसोबत त्यांनी मोजपात्र लावून घेतलेली मोजणी जोडली होती. एका तासात तीनशे चाळीस मिलिलिटर. अशा पुराव्यापुढं समिती तरी काय करणार? पंधरा दिवसांपूर्वीच ठराव झाला होता. येत्या रविवारपर्यंत सर्व कुंड्या गॅलरीतून हलवाव्यात, अन्यथा समिती त्या उचलून नेईल. त्या दिवशी मापेसाहेबांनी घरी येऊन दोन कप चहा घेतला होता.

आज गुरुवार होता.

"तू त्या बाईला आपलं रोप दिलंस?"

"आपलं कुठं? तुम्ही नापास केलं होतं." बायको शांतपणे म्हणाली. "रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलंय त्यांनी. जिन्यात भेटतात तेव्हा सांगतात मला त्याच्याबद्दल."

मापेसाहेब चपला घालून तडक सेक्रेटरींकडे गेले. तक्रार मागे घ्यायची आहे, म्हणाले. सेक्रेटरींनी चष्मा लावला, नियमांची फाइल काढली आणि नियम चौदा वाचून दाखवला. समितीनं निर्णय दिल्यानंतर तक्रारदारास तक्रार मागे घेता येणार नाही.

"हा कुणाचा नियम?" मापेसाहेब चिडून म्हणाले.

"तुमचाच," सेक्रेटरी म्हणाले. "मागच्या वर्षी तुम्हीच घालायला लावलात. लोक तक्रारी करतात, मग एकमेकांकडे चहा पिऊन मिटवतात आणि समितीचा वेळ जातो, असं तुमचं म्हणणं होतं. बघा, खाली सही आहे."

सही होती. सुरेख होती.

तुमचाआमचा माणूस इथं कपाळाला हात लावून घरी गेला असता. मापेसाहेबांनी ठरावाची प्रत मागून घेतली, तिथंच उभं राहून दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि ते पहिल्या मजल्यावर गेले. चार वर्षांत त्यांनी त्या दाराच्या फटीतून कागद सरकवले होते, बेल कधी वाजवली नव्हती.

"बोला," ऑपरेटरबाई दार अर्धवट उघडून म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून टेलिफोनचा होता, गोड आणि गार.

"मला जरा तुमच्या गॅलरीत यायचंय."

"मोजायला?"

"नाही. बघायला."

"एक मिनिट थांबा," म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. मिनिट बरंच लांबलं. मापेसाहेबांना कळत होतं की आत काही काम नाही, आपल्याला नुसतं रांगेत ठेवलंय. ते थांबले. मग दार उघडलं.

गॅलरीच्या कोपऱ्यात, गंजलेल्या डब्यात, चार नंबर उभं होतं. उभं म्हणजे काय, कठड्याला टेलिफोनच्या वायरीनं बांधलं होतं म्हणून उभं. आधी डावीकडे गेलेलं, मग विचार बदलून उजवीकडे आलेलं. पानं विषमच होती. पण अंगभर पिवळी फुलं होती, आणि मुळाशी काडीवर मापेसाहेबांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी अजून तशीच होती. 'वाकडं. पानं विषम. नापास.'

"फुलं येतात आणि गळतात," ऑपरेटरबाई म्हणाल्या. त्यांचा टेलिफोनचा आवाज जरा उतरला होता. "मी म्हटलं, लिहिलंयच त्याच्यावर तसं. पण पाणी घालणं काही सोडलं नाही. रविवारी जाईल आता. बाकीच्यांसाठीही दहा ठिकाणी फोन केले, घेता का म्हणून. कुणाला तेवीस कुंड्या नकोत. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली मी. आता सकाळ झाली की ही झाडं असतात."

मापेसाहेबांनी पुष्कळ वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "तुमची फुलं माझ्या मच्छरदाणीमुळे गळतात आणि माझी माझ्या शहाणपणामुळे." मग त्यांनी सगळं सांगितलं. सासूबाई, पाकीट, माळी. या खेपेला टूथब्रशसुद्धा सांगितला.

"ते मी वरून बघितलं होतं," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "मग, तक्रार मागे घेणार?"

"घेता येत नाही. नियम माझाच आहे." त्यांनी खिशातून ठराव काढला. "पण ठरावात म्हटलंय, कुंड्या गॅलरीतून हलवाव्यात. कुठं हलवाव्यात, ते म्हटलेलं नाही. माझं अंगण खालीच आहे. सगळ्या तेवीस तिथं मांडू. ठराव अक्षरशः पाळला जाईल."

ऑपरेटरबाईंनी ठराव वाचला. "आणि पाणी घालायला मी तुमच्या अंगणात यायचं?"

"सकाळी सात आणि संध्याकाळी सहा."

"मला वाटेल तेव्हा येईन मी."

"या," मापेसाहेब म्हणाले.

"आणखी एक. ती चिठ्ठी मी काढली नाही, का ते सांगते. लिहिलं तुम्ही, काढायची तुम्ही. तुमच्या त्या वहीतसुद्धा असणार तसं."

"वहीत खाडाखोड होत नसते," मापेसाहेब नकळत म्हणून गेले.

"मग राहू दे," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "नमस्कार."

मापेसाहेब खाली आले. वही काढली. पाचव्या रविवारचं पान उघडलं. एकोणतीस वर्षांच्या सगळ्या वह्या जणू फडताळातून त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी सासूबाईंचे गुडघे आठवले, बसमध्ये खिडकीबाहेर बघणारी बायको आठवली, पेन उघडलं आणि वही घेऊन परत जिना चढले. ऑपरेटरबाईंच्या समोर त्यांनी 'नापास' या शब्दावर एक आडवी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'पास'. मग नियमाप्रमाणे खाडाखोडीच्या बाजूला पूर्ण सही केली. रेघ सरळ आली. मग गॅलरीत जाऊन काडीवरची चिठ्ठी काढली.

"चहा घेणार?" ऑपरेटरबाईंनी विचारलं.

रविवारी मापेसाहेबांनी तेवीस कुंड्या आणि एक रंगाचा डबा स्वतः खाली उतरवला. चोवीस खेपा, अठरा पायऱ्या. कंबर धरली. सेक्रेटरी ठराव हातात घेऊन खाली उभे होते. त्यांनी गॅलरी बघितली, अंगण बघितलं, ठराव पुन्हा वाचला आणि अंमलबजावणी झाली असं लिहून घेतलं. चार नंबर दोन नंबरच्या शेजारी ठेवलं गेलं. मच्छरदाणी उतरली. नऊ वाजून वीस मिनिटांनी पहिली मधमाशी आली, दोन नंबरवर बसली, उठली आणि चार नंबरवर गेली. मापेसाहेबांनी वेळ नोंदवली आणि पायरीवर हळूच बसून घेतलं. आठवड्याभरात दोन्ही झाडांवर वाटाण्याएवढे, कागदी आवरणाचे हिरवे कंदील लटकले. एक कंदील बोटांत धरून बघताना बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या रविवारी आईचा फोन आला तेव्हा गॅसवर दूध नव्हतं.

ऑपरेटरबाई मात्र खरंच वाटेल तेव्हा येऊ लागल्या. मापेसाहेबांच्या खुर्चीत बसू लागल्या, त्यांच्याआधी त्यांचं वर्तमानपत्र वाचू लागल्या, आणि कोडं पेनानं सोडवू लागल्या, तेही खाडाखोड करून. मापेसाहेबांनी चौथी तक्रार लिहिली नाही. मनात दोनदा मसुदा केला, एवढंच.

थंडीच्या आठ दिवस आधी सासूबाई आल्या. मेव्हण्यांनी त्यांना हात धरून अंगणात आणलं. कंदील फुटायला आले होते, हिरवी फळं आवरणाबाहेर डोकावत होती. सासूबाई दोन नंबरच्या पुढून तशाच गेल्या आणि वाकड्या झाडापाशी थांबल्या. एक फळ तोडलं, सोललं, चावलं. "हेच," त्या म्हणाल्या आणि दुसरं फळ तोडलं.

दुपारी स्वयंपाकघरात फळं भाजली गेली. सासूबाई स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या, बायको आणि ऑपरेटरबाई पाळत होत्या. ठरली होती एकच, पण चार बरण्या भरल्या. उकडलेल्या बटाट्यांवर सॉस घालून मेव्हण्यांनी तीनदा घेतला आणि मोजून लावा म्हटल्याची आठवणही काढली नाही.

संध्याकाळी धुऊन वाळवायला ठेवलेलं बी कागदावर पसरून सासूबाई बसल्या होत्या. मापेसाहेब समोर येऊन बसले. "आई, एक सांगायचंय. मी सहा रोपं टाकायला लावली होती. माझ्या हातून हे बी हरवलंच होतं."

"ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "हिनं त्याच दिवशी फोन केला होता मला. मीच म्हटलं, टाकू नको, एखादं जवळपास कुणाला तरी दे, म्हणजे माश्या बघून घेतील."

"मग मला का नाही सांगितलंत, दोन लागतात म्हणून?"

"तुम्ही पट्टी घेऊन बसला होतात. तेव्हा तुम्ही ऐकलं असतं?" त्यांनी बियांवर फुंकर घातली. "पण झाडाला मच्छरदाणी लावाल, हे माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं."

मापेसाहेबांनी दोन पाकिटं काढली, कारण सासूबाईंनी दोन मागितली होती. स्वतःची मूठ त्यांनी आधीच रुमालात बांधून घेतली होती; आता एक घरात, एक वर ऑपरेटरबाईंकडे. एकाच घरी सगळं बी ठेवायचं नाही, त्या म्हणाल्या, आता तरी. मापेसाहेबांनी पाकिटांवर तारीख घातली, नाव घातलं, आणि संख्या लिहायला म्हणून चिमटा हातात घेतला. सासूबाईंनी तो काढून बाजूला ठेवला आणि तळहाताच्या कडेनं बियांचे दोन ढीग केले, नुसत्या नजरेच्या अंदाजानं.

मापेसाहेबांनी दोन्ही पाकिटांवर लिहिलं, 'संख्या: मोजली नाही', आणि खाली सही केली.

डाव्या ढिगात बी जरा जास्त होतं. एकोणतीस वर्षं ज्यांनी तेवढंच बघितलं, त्यांच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं. त्यांनी तो ढीग पाकिटात भरला, कडा नीट चिकटवल्या आणि ते पाकीट घेऊन पहिल्या मजल्यावर बेल वाजवायला गेले.